डब्यातली बाई

आमच्या गल्लीत कोणी गेलं हे सगळ्यात आधी एक बाई सांगते. ती इंग्रजीत बोलते आणि उकंडरावांच्या डब्यात राहते.

डबा म्हणजे गाण्याचा डबा. विटेएवढा, वर धरायला मूठ, समोर जाळी, बाजूला बटणं. आत हजारो गाणी आधीच भरून येतात. कॅसेट नको, तार नको, चार्जिंग केलं की कुठंही न्या. बटण दाबलं की आधी ती बाई बोलते, "पावर ऑन." मग टिंग टिंग वाजतं आणि मग गाणं लागतं. घाटंजीच्या बाजारात असे डबे ढिगानं मिळतात. लोक ते शेतात नेतात, सैपाकघरात ठेवतात, ट्रकमध्ये टांगतात. उकंडराव तो मयतीत नेतात.

हे सांगितलं की बाहेरगावचे लोक हसतात. हसा. आम्हीही हसलो होतो.

उकंडराव माझे शेजारी. त्यांच्या न माझ्या घरात एक भिंत, तीही अर्धी पडलेली. तहसील कचेरीत कारकून होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कचेरी अंगातून गेली नाही. भाजीवालीनं किडकं वांगं दिलं की विचारतात, "हे नियमात बसते का?" मांजरीनं दूध सांडलं तर मांजरीलाही हेच विचारतात. माझा शेवगा त्यांच्या अंगणाकडं वाकला तेव्हा भिंतीपाशी येऊन म्हणाले, "वयनी, हे तुमाले तोंडी कळवून राह्यलो. पुढच्या वेळेस लेखी येईन." मी म्हटलं, लेखी द्या, पण माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आहे, मोठे शब्द टाकू नका. शेवगा अजून तसाच वाकलेला आहे. शेंगा तेच खातात.

आमच्याकडं मयत निघाली की पुढं भजनी मंडळ चालतं. टाळ, खंजिरी, मृदंग. मेलेल्याला गात गात नदीवर नेतात. आमच्या गल्लीचं मंडळ चांगलं होतं, दुसऱ्या वॉर्डातले लोकही बोलवायचे. पण दुसऱ्यांना पोचवता पोचवता मंडळातले एकेक स्वतःच पोचले. कोणाचे गुडघे गेले. एक जण मुलाकडं पुण्याला गेला, तेही गेल्यासारखंच. शेवटी टाळवाला तेवढा उरला, तो माझा नवरा. एकटा माणूस टाळ कुटत चालला की कल्हईवाला आल्यासारखं वाटायचं, पण तो जायचा.

मग तोही गेला. तिरडी बांधून झाली, लोक टोप्या काढून उभे राहिले, आणि पुढं गायला कोणीच नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहायला लागले. तेव्हा उकंडराव घरात गेले आणि डबा घेऊन आले. गळ्यात पट्टा अडकवला, बटण दाबलं. बाई बोलली, "पावर ऑन," आणि भजन लागलं. तिरडी उठली. म्हणजे डब्याचा पहिला मान माझ्या नवऱ्याला मिळाला. जिवंतपणी त्याला कुठलाच पहिला मान मिळाला नव्हता.

तेव्हापासून उकंडरावांना मयतीचं बोलावणं सुरू झालं. ते नाही म्हणत नाहीत. पांढरा सदरा घालतात, डब्याला कपड्यानं पुसतात आणि तिरडीच्या चार पावलं पुढं चालतात, साहेबाच्या जीपपुढं चपराशी चालावा तसे. एकदा भजन संपल्यावर डब्यानं आपल्या मनानं लग्नातलं नाचाचं गाणं लावलं. उकंडरावांना बटण सापडेपर्यंत अर्धं कडवं होऊन गेलं, आणि मेलेल्याच्या भाच्याचे पाय थिरकले हे सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या एका मयतीत चिता पेटली, लोक हात जोडून उभे होते, तेवढ्यात बाई बोलली, "बॅटरी लो." आम्ही बायका नदीवर जात नाही, पण हे सांगायला त्या दिवशी प्रत्येक पुरुष आपापल्या घरी धावत आला.

हळूहळू असं झालं की बाईचा आवाज आला की गल्ली थांबायची. जेवणारे ताट सरकवायचे. समोरच्या घरातली नवी सून, तिला कोण गेलं हेही ठाऊक नसायचं, पण आवाज आला की पदर डोळ्याला लावायची. तिचा आजेसासरा झोलबा बरेच दिवस खाटेवर पडून होता. एकदा बाई बोलली तसा तो उठून बसला आणि तिला म्हणाला, "माह्यासाठी आली काय वो? धोतर तरी बदलू दे." गेलं होतं मागच्या गल्लीतलं कोणी. झोलबाला वाईट वाटलं असावं, कारण तो दिवसभर जेवला नाही.

आता खरी गोष्ट. तो डबा मयतीसाठी घेतलेलाच नव्हता. तो अंजनासाठी होता.

अंजना उकंडरावांची बायको. माझ्याहून बरीच लहान, हसरी, सैपाकात मीठ विसरणारी. लकव्यानं तिची एक बाजू गेली आणि ती खाटेवर पडली. मुलगी एकच, तिकडं पांढरकवड्याला दिलेली, तिचा स्वतःचा संसार. तेव्हापासून उकंडरावच तिचं सगळं करायचे. सगळं म्हणजे सगळं, लिहीत नाही. कामाला बाई ठेवा असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, हे परक्या बाईकडून करून घेणं नियमात बसत नाही.

अंजनाला सिनेमाच्या गाण्यांचं वेड. भजन तिला सोसत नसे. तरुणपणी ती धुणं धुताना अशी गाणी म्हणायची की माझी सासू खिडकी लावून घ्यायची. पडल्यावर तिचे कान मंद झाले. माझ्या मुलाच्या मोबाईलवर गाणं लावून पाहिलं, तिला पोचेना. कानात मोबाईलची बोंडं घातली तर किडा गेल्यासारखं करून फेकून दिली. मग उकंडरावांनी हा डबा आणला. मोठा आवाज, आणि तिच्या काळची सगळी गाणी आत. काही महिने ती ऐकत पडायची आणि चांगला हात खाटेच्या पट्टीवर वाजवायची. भिंतीपलीकडं मला सगळं ऐकू यायचं. त्यानंतर माझा नवरा गेला आणि डबा मयतीला लागला.

एक दिवस सकाळी उकंडरावांनी तिला गाणं लावून द्यायला घरात बटण दाबलं. बाई बोलली. गाणं लागायच्या आत गल्ली धावली. घरात आजारी बाई, आणि आवाज त्याच घरातून, मग काय. दोन माणसं परस्पर बांबू आणायला गेली. बायका दारातूनच सुरू झाल्या, "अंजने, अशी कशी गेली वो, आमाले सांगतलंबी नाई." अंजना आत खाटेवर डोळे उघडे ठेवून आपलाच आकांत ऐकत होती. एकीनं रडता रडता तिचे गुण सांगितले. तिनं कोणाची चहाडी केली नाही म्हणाली. अंजना मला नंतर म्हणाली, तिची जीभ जड झाली होती तरी म्हणाली, की एवढं चांगलं तिच्याबद्दल जिवंतपणी कोणी बोललं नव्हतं.

ती हसली. उकंडराव हसले नाहीत. त्यांनी डबा कपाटावर ठेवला आणि त्या दिवसापासून घरात बटण दाबलं नाही. मयतीत न्यायचे, आणून परत वर ठेवायचे. अंजना बोटानं कपाटाकडं दाखवायची. ते म्हणायचे, "आधी ते बाई काढून आनतो. मंग दिवसभर आयक."

मग त्यांच्या दुकानाच्या चकरा सुरू झाल्या. बाजाराच्या दिवशी मी टॉर्च दुरुस्तीला टाकायला गेले तर हे दिनेशच्या दुकानात डबा समोर ठेवून बसलेले. दिनेश म्हणजे डबे विकणारा, दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर. मागं गिऱ्हाइकांची गर्दी.

"हे बाई काढ," उकंडराव म्हणाले.

"काकाजी, बाई कशी काढू? ते आतमंधी बसवून येते."

"मंग दुसरा डबा दे."

"दुसऱ्यातही तेच हाय. सगळ्याईत एकच बाई हाय."

"आवाज कमी कर तिचा."

"गान्याचा कमी होते. तिचा नाई होत."

"हे नियमात बसते का? मी गान्याचे पैसे देल्ले. बाईचे नाई."

मागचा एक जण म्हणाला, लोक बाई पायजे म्हणून येतात, काकाजी नको म्हणून आले. सगळे हसले. तिथं प्रत्येकाची आपापल्या डब्याची तक्रार होती. एका शेतकऱ्यानं रानडुकरं हाकलायला मचाणावर डबा लावला होता. तो म्हणाला, "पह्यले पह्यले पयून गेले. आता बसून आयकतेत. एक तर गानं संपलं का माह्याकडे पाह्यते." दुसऱ्याच्या डब्यात पाणी गेलं होतं तेव्हापासून सगळ्या गायिका घोगऱ्या झाल्या होत्या. दिनेश सगळ्यांना एकच सांगत होता, कंपनीचा माल आहे, माझ्या हातात काही नाही. उकंडराव उठले नाहीत. त्यांना वाटत होतं की कचेरीत बसून राहिलं की काम होतं, तसंच इथंही होईल. दिनेशनं शेवटी त्यांच्यासमोरच दुकानाचं अर्धं शटर ओढलं.

मग त्यांनी घरचे उपाय केले. जाळीत कापूस कोंबला. बाईचा आवाज तसाच राहिला, गाणारे मात्र तोंडात भाकर धरल्यासारखे गायला लागले. गोधडीत गुंडाळून पाहिलं. मग एक दिवस गव्हाच्या रिकाम्या टिनाच्या पिंपात हात घालून बटण दाबलं. पिंपातून बाई अशी बोलली की नदीपलीकडं ऐकू गेलं असेल. माझी भांडी हादरली. गल्ली पुन्हा धावली. ह्या वेळी लोक चिडले. एक जण म्हणाला, "काकाजी, एकडाव नक्की सांगा, कोन हाय न कवा हाय." उकंडराव पिंपाशेजारी उभे होते, दंडापर्यंत गव्हाचा भुसा लागलेला.

त्यानंतर त्यांनी डोकं लढवलं. डबा बंद करून नदीकडं घेऊन गेले. तिथं कोणी ऐकणारं नाही, बाईला तिथं बोलू द्यायचं आणि गाणं सुरू झालं की तसंच वाजत वाजत घरी आणायचं. चांगला विचार होता. फक्त सवयीनं त्यांनी डबा गळ्यात अडकवला होता आणि सदरा पांढरा होता. नदीवरून ते गाणं वाजवत निघाले. चहाच्या टपरीवर बसलेल्यांनी पाहिलं, उकंडराव डबा घेऊन चालले. त्यांनी चहा खाली ठेवला, चपला काढल्या आणि मागं लागले. पुढं सायकलवाला उतरला. रेशन दुकानाच्या रांगेतून दोघं आले. कोणी कोणाला विचारलं नाही. जो तो समजला, तिरडी मागून येत असेल. उकंडराव अंजनाचं गाणं वाजत ठेवायच्या नादात मागं वळून पाहीनात. गाणं होतं कोणाच्या तरी पैंजणाचं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी वळून पाहिलं तर मागं मान खाली घातलेली पुरुषांची लांब रांग. तिरडी नाही, मढं नाही. मागचा एक म्हातारा रडतही होता.

उकंडरावांनी तिथंच डबा बंद केला. त्या दिवशीही अंजनाला काहीच ऐकू आलं नाही.

हे सगळं हसण्यासारखं आहे, पण इकडं अंजना उतरत चालली होती. खाणं सुटलं. पाणी चमच्यानं. डॉक्टर येऊन पाहून गेला आणि त्यानं औषध वाढवलं नाही, कमी केलं. असं झालं की समजायचं. मी रोज दुपारी तिच्याजवळ बसायची. एक दिवस तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "त्याईले एकडाव लावा म्हना. मंग काहीबी होऊ द्या."

मी उठून अंगणात गेले. उकंडराव तिची लुगडी वाळत घालत होते. मी सरळ सांगितलं, डबा काढा.

ते म्हणाले बाई अजून निघाली नाही, दिनेश पुढच्या आठवड्यात नागपूरला विचारणार आहे.

मी म्हटलं, पुढचा आठवडा हिला नाही.

ते लुगड्याच्या चुण्या सरळ करत राहिले. मग हळू म्हणाले, "वयनी, ते बाई आजवर खोटी नाई बोलली."

मला आधी कळलंच नाही. मला वाटत होतं, लोक येतात, लाज वाटते, म्हणून हा माणूस लावत नाही. कचेरीत आयुष्य काढलेला, अंगारे-धुपारे करणाऱ्यांना हाकलून देणारा माणूस. तो त्या डब्याला भीत होता.

"पिंपातून बोलली तवा कोन मेलं?" मी विचारलं.

"त्याच हप्त्यात झोलबा गेला."

"अन् नदीवरून आले तवा?"

"दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत म्हैस गेली."

"म्हैस तुमच्या नियमात बसते का?"

ते हसले नाहीत. लुगड्याचं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. मला गोड बोलता येत नाही, आयुष्यभर आलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, अंजना जाऊन राह्यली. तुमालेबी दिसते, मलेबी दिसते. डब्याले दिसत नाई, त्याले डोयेच नाईत. तिले आयकून जाऊ द्या."

ते आत गेले. स्टुलावर चढून कपाटावरून डबा काढला, खाटेजवळ आणला. बटणावर बोट ठेवलं आणि तसेच बसले. अंजना त्यांच्याकडं पाहत होती. शेवटी तिनं चांगला हात उचलून त्यांच्या बोटावर ठेवला. तिच्यात जोर नव्हता, पण बटण दाबलं गेलं. कोणी दाबलं ते देवाला ठाऊक.

बाई बोलली. गाणं लागलं.

आणि लोक आले. इतक्या वेळा फसून पुन्हा आले, कारण ह्या वेळी खरंच असेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. पुरुष अंगणात येऊन खांद्यावर पंचा टाकून बसले. बायका दारात. कोणीतरी हुंदका काढला. आतून सिनेमातली नटी तारस्वरात कोणाला तरी डोळा मारल्याचं गात होती. लोक मान खाली घालून ऐकत होते. डब्यानं अजून एक कडवं घेतलं, बासरी झाली, आणि कोणी हललं नाही.

अंजनानं डोळ्यांनीच विचारलं, कोण आलं.

"तुह्या गान्याले आले," उकंडराव म्हणाले.

मग ते उठून सैपाकघरात गेले. आमच्याकडं मयतीच्या घरात चूल पेटत नाही, गॅससुद्धा नाही. शेजारी पिठलं-भाकर आणतात. उकंडरावांनी गॅस लावला. लायटरचा खटका अंगणापर्यंत ऐकू गेला आणि बायकांचं रडणं त्या खटक्यासरशी थांबलं. त्यांनी मोठं पातेलं ठेवलं, अद्रक ठेचलं, सगळ्यांपुरता चहा केला. पहिला चमचा अंजनाच्या ओठाला लावला. मग ट्रे घेऊन अंगणात आले. आधी कोणी कप उचलेना. मी उचलला. साखर फार होती. मग सगळ्यांनी उचलले. दिवेलागणीपर्यंत एकामागून एक गाणी चालली आणि ती खाटेची पट्टी वाजवत राहिली. शेवटी शेवटी नुसतं एक बोट हलत होतं.

त्याच महिन्यात ती गेली. पहाट सरून उजाडलं होतं. मी अंगण झाडत होते, उकंडराव भिंतीपाशी येऊन उभे राहिले. पांढरा सदरा नव्हता, बनियनवर होते.

"वयनी, गल्लीत सांगून द्या."

मी झाडू ठेवला. डबा नाही का लावत, असं विचारलं. मयतीपुढं तरी भजन पाहिजे, लोक काय म्हणतील.

"नाई," ते म्हणाले. "तिच्या कानात तिचे गाने हायेत अजून. वरून भजन कायले टाकू?"

मयत मुकी गेली. नुसते पायांचे आवाज. आम्ही बायका कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो. मी घरी येऊन त्यांच्यासाठी पिठलं टाकलं.